माहुलचा अपटुडेट

मुंबईच्या पूर्व उपनगरांत चेंबूरच्या पलीकडे, एका अंगाला तेलशुद्धीकरण कारखाने आणि दुसऱ्या अंगाला खाडी यांच्यामध्ये सापडलेल्या माहुलमध्ये, साधारण सतरा ते पंचवीस या वयोगटातील जो तरुण घराबाहेर पडण्यापूर्वी आरशासमोर पाऊण तास उभा राहतो आणि कोणी विचारल्यास "काही नाही, असंच" एवढेच उत्तर देतो, त्याला प्रस्तुत विवेचनात 'अपटुडेट' म्हटले आहे. नुसता स्वच्छ राहणारा तरुण या संज्ञेत बसत नाही. आंघोळ करून, भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून कामाला जाणाऱ्यास समाज 'सरळ मुलगा' म्हणतो आणि त्याच्याविषयी लिहिण्यासारखे सहसा काही नसते. अपटुडेट होण्यास स्वतःच्या आजच्या रूपाविषयी तीव्र असमाधान आणि सहा महिन्यांनंतरच्या रूपाविषयी अढळ श्रद्धा, अशी दुहेरी मनोवृत्ती लागते.

या वर्गाचे माहुलमध्ये दोन पोटभेद आढळतात. पहिला गावठाणातला, म्हणजे कोळी-आगरी घरांतला. त्याचे पणजोबा सुरका, म्हणजे कमरेला गुंडाळण्याचा त्रिकोणी रुमाल, एवढ्या वस्त्रावर आयुष्यभर रुबाबात वावरले. पणतू मात्र एका हळदीच्या कार्यक्रमासाठी मित्रांसह महिनाभर आधी एकसारख्या शर्टांचे कापड ठरवतो, त्यावर गॉगल आणि गळ्यातली साखळी चढवतो, आणि बेंजोच्या तालावर नाचताना साखळी शर्टाच्या आत जाणार नाही याची काळजी नाचापेक्षा अधिक घेतो. दुसरा पोटभेद वसाहतीतला. प्रकल्पबाधितांसाठी बांधलेल्या तेथील ७२ इमारतींत सतरा हजारांवर घरे आहेत, आणि २०१७ पासून तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवल्यावर विद्याविहार, घाटकोपर अशा भागांतली अनेक कुटुंबे तेथे आणली गेली. हा तरुण लहानपणी एका स्टेशनाजवळ वाढला आणि मिसरूड फुटण्याच्या सुमारास दुसरीकडे येऊन पडला. त्यामुळे आपला चेहरा आणि आपला पत्ता या दोन्ही गोष्टी एकाच वेळी आपल्या मनाविरुद्ध बदलल्या, असा त्याचा रास्त समज आहे.

दोन्ही पोटभेदांना जोडणारा धागा पत्त्याचाच आहे. माहुलच्या हवेविषयी न्यायालयांत आणि वर्तमानपत्रांत इतके काही येऊन गेले आहे, की 'कुठे राहतोस' या प्रश्नावर खरे उत्तर दिले तर समोरचा आधी प्रकृती विचारतो. म्हणून अपटुडेट 'चेंबूर' असे सांगतो, आणि एकदा चेंबूर सांगितले की चेंबूरसारखे दिसणे ओघाने आलेच. टीकाकार त्याच्या केशरचनेला छचोरपणा म्हणतात. वास्तविक तो खर्च पत्त्याच्या बंदोबस्तावर होत असतो.

या बंदोबस्ताचे मुख्य ठाणे म्हणजे सलून. दाराला काळी काच, आत चार खुर्च्या, भिंतीवर ज्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत अशा गोऱ्या तरुणांच्या डोक्यांचा तक्ता, आणि मोबाइलमध्ये आणलेला फोटो गिऱ्हाइकाच्या कवटीशी जुळत नाही हे पाहताक्षणी ओळखूनही "होऊन जाईल" असे म्हणणारा कारागीर, अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. "साइडला झिरो मारू की एक नंबर?" हा तेथील प्रवेशमंत्र आहे. नंबर म्हणजे केस कापण्याच्या मशीनला लावायच्या प्लॅस्टिकच्या कंगव्याचा क्रमांक. एक नंबरने सुमारे तीन मिलिमीटर केस राहतात, दोनने सुमारे सहा, आणि झिरो म्हणजे कंगवा न लावता मशीन थेट कातडीवर फिरवणे. कानाजवळ झिरो ठेवून वर जाता जाता केसांची लांबी नकळत वाढवत नेणे यास 'फेड' म्हणतात. मशीन धरणारा हात जरा घाईत असेल, तर ही वाढ नकळत होत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी होते, आणि गिऱ्हाईक त्याच पायऱ्या घेऊन तीन आठवडे समाजात वावरते. शनिवारी केस कापू नयेत हा आजीचा नियम अपटुडेट मोडतो, कारण लग्ने आणि वाढदिवस रविवारी असतात. आजी त्यावर बोलत नाही, फक्त त्याला लगेच आंघोळीला पाठवते, आणि नेमके तेव्हाच नळाचे पाणी गेलेले असते.

कापून उरलेले केस उभे ठेवण्यासाठी वॅक्स लागते, आणि येथे माहुलच्या इतिहासाचा रसायनशास्त्राशी अनपेक्षित संबंध येतो. १८५९ साली रॉबर्ट चेझब्रो हा रसायनज्ञ अमेरिकेतील टायटसव्हिलच्या तेलविहिरींवर गेला असता, पंपाच्या दांड्यांवर साचणारा काळा चिकट मळ कामगार भाजलेल्या जागी लावतात, असे त्याने पाहिले. तो मळ शुद्ध करून त्याने व्हॅसलीन काढले आणि १८७२ मध्ये त्याचे पेटंट घेतले. १९२८ साली बर्मिंगहॅममध्ये निघालेल्या आणि आपल्याकडे आजोबांच्या पिढीने डोक्यावर थापलेल्या ब्रिलक्रीमचा आधारही खनिज तेलच होता. आजची कित्येक हेअर वॅक्स याच कुळातल्या पॅराफिनांवर उभी आहेत. १९५० च्या दशकाच्या मध्यावर, बर्मा-शेल आणि स्टॅनव्हॅक यांच्या शुद्धीकरण कारखान्यांच्या रूपाने जे खनिज तेल माहुलच्या वेशीवर आले, त्याच्या वासाने डोके दुखते अशी तक्रार करणारा तरुण संध्याकाळी त्याच तेलाचा चुलतभाऊ डबीतून काढून त्याच डोक्याला चोळतो. या विसंगतीबद्दल त्याला दोष देणे अन्यायाचे होईल, कारण डबीवर सुगंध लिहिलेला असतो आणि चिमणीवर काहीच लिहिलेले नसते.

वॅक्सचा खरा शत्रू हवा नव्हे, हेल्मेट आहे. मुंबईत जून २०२२ पासून दुचाकीवर मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे झाले, त्यामुळे पूर्वी मित्राच्या मागे बसून केस वाचवण्याची जी सोय होती तीही गेली. दंड आणि केस बसवण्याचा खर्च यांचा हिशेब अपटुडेटच्या मनात सिग्नल येईपर्यंत चाललेला असतो. शेवटी तो हेल्मेट कोपरात अडकवतो, हवालदार दिसताच डोक्यात घालतो, आणि दोन्हीकडून हरतो. डोक्याची हमी नाही आणि केसही चपटे.

चेहऱ्याच्या बाबतीत अपटुडेटचा व्यवहार मुंबईतल्या पुनर्विकासाच्या धर्तीवर चालतो: असलेले पाडायची घाई, होणाऱ्याचे चित्र भव्य, आणि मधला काळ कोठे काढायचा याचा विचार शून्य. प्रक्रिया अशी घडते. वॅक्स घामाबरोबर कपाळावर उतरते आणि केसांच्या मुळांशी असलेली छिद्रे बुजवते. त्यामुळे केसांच्या रेषेखाली बारीक पुटकुळ्यांची ओळ उठते. पुटकुळ्या झाकायला केस पुढे घ्यावे लागतात, पुढे घेतलेले केस बसवायला आणखी वॅक्स लागते, आणि पुटकुळ्यांना कायमचा आधार मिळतो. अशा वेळी कट्ट्यावरचा एखादा अनुभवी मित्र मेडिकलमधल्या एका ट्यूबचे नाव सांगतो. ती लावल्यावर आठवड्याभरात चेहरा उजळतो, पुटकुळ्या बसतात आणि मित्राची कीर्ती तीन इमारती ओलांडते. हा उजाळा बहुतेक वेळा स्टेरॉइडचा असतो. स्टेरॉइड म्हणजे दाह दाबणारे औषध. इसब किंवा तत्सम विकारांवर डॉक्टरने थोड्या दिवसांसाठी दिले तर गुणकारी, पण रोज क्रीम म्हणून चोपडले तर कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, आणि थांबवताच लाली व मुरुमे पूर्वीपेक्षा जोमाने परततात. या क्रीमांचा सुळसुळाट पाहून केंद्र सरकारने २०१८ साली अशा चौदा औषधांना डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई करणाऱ्या 'शेड्यूल एच' या यादीत घातले. कट्ट्यावरील मित्राची मात्र कोणत्याच यादीत नोंद नाही.

गोरेपणाच्या हव्यासाचा इतिहास याहून लांब आहे, पण त्यात घोटाळण्याचे कारण नाही. १९७५ पासून बायकांच्या नावाने विकले जाणारे क्रीम घरातले पुरुष चोरून लावत आणि २००५ मध्ये खास पुरुषांसाठीचे निघाल्यावर चोरी थांबली, एवढे पुरे.

दाढीचा अध्याय मात्र करुण आहे. अपटुडेटला हनुवटीवर भरघोस आणि गालांवर तुरळक दाढी येते, आणि त्याला हवी असते ती शिवजयंतीच्या मिरवणुकीत चंद्रकोरीखाली शोभणारी, कल्ल्यांपासून अखंड उतरणारी. त्यासाठी तो मिनॉक्सिडिल आणतो. हे औषध मूळचे रक्तदाबावरच्या गोळीचे. ती घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर नको तेथे केस वाढू लागले, तेव्हा या दुष्परिणामालाच परिणाम मानून १९८८ मध्ये अमेरिकेत त्याचा द्रव टकलासाठी मंजूर झाला. मंजुरी टाळूपुरती असली, तरी अपटुडेट तो गालावर सकाळ-संध्याकाळ लावतो, दर रविवारी त्याच खिडकीत, त्याच उजेडात फोटो काढतो, आणि मागच्या रविवारचा फोटो शेजारी ठेवून मित्रांस "फरक बघ" म्हणतो. मित्र निष्ठेने फरक बघतात. आठ महिन्यांनी गाल भरतात आणि त्याच सुमारास कुर्ल्याच्या मॉलमधून किंवा विमानतळावरून मुलाखतीचे बोलावणे येते, ज्यात काळी पँट, काळे बूट आणि गुळगुळीत दाढी अशी अट असते. खुर्चीत बसून तो डोळे मिटतो. कारागीर ब्लेडचे दोन तुकडे करून एक उस्तऱ्यात बसवतो, चार मिनिटांत आठ महिने पुसतो आणि वर तुरटी फिरवतो. घरी आल्यावर आई म्हणते, "आता कसा माणसात आलास बाळा!" या वाक्याने तो जितका दुखावतो तितका वाहतूक पोलिसानेही कधी दुखावलेला नसतो.

हा सारा खटाटोप मुलींसाठी असतो, असा एक लोकप्रिय सिद्धान्त आहे. निरीक्षण त्याला दुजोरा देत नाही. ज्या मुलीसाठी फेड मारला असे म्हटले जाते तिला तो दिसलेलाच नसतो. फेड कोणत्या सलूनमधला, जीन्स उल्हासनगरची की खरोखरच लेबलावरच्या देशातली, अत्तर की डिओ, हे अचूक ओळखणारे सगळे कट्ट्यावरचे मुलगेच असतात. परीक्षक तेच, स्पर्धक तेच, आणि बक्षीस म्हणजे "कडक भावा!" एवढे दोन शब्द, जे मिळावेत म्हणून डिओचा अर्धा डबा सुकटीच्या आणि कारखान्याच्या वासावर एकाच वेळी मात करण्यासाठी रिता केला जातो.

अपटुडेटचा सर्वांत कठोर टीकाकार त्याचा बाप असतो. "डोक्यावर हा कोंबडा कसला?" हा त्याचा ठरलेला प्रश्न. परंतु या बापाच्या लग्नाचा अल्बम काढल्यास, २००३ च्या 'तेरे नाम' चित्रपटानंतर महाराष्ट्रभर जो मध्यभागी भांग आणि दोन्ही डोळ्यांवर झुलणारे केस यांचा काळ आला, त्याचा सज्जड पुरावा मिळतो. हार घालताना नवरीला त्या केसांतून नवऱ्याचा चेहरा शोधावा लागला होता. अल्बम कपाटात सर्वांत वरच्या फळीवर असतो, याला योगायोग म्हणता येत नाही.

येथवरची थट्टा वाचून हा वर्ग उथळ आहे असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो चुकीचा ठरेल. कोणी काय नेसावे आणि कोणी काय अंगावर घालू नये हे जातीवरून ठरवणारा समाज फार जुना नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना जातीची खूण सांगणारी वस्त्रे आणि दागिने टाकून देण्यास, लुगडे इतर स्त्रियांप्रमाणे नीट नेसण्यास सांगितले, तेव्हा तो सल्ला पोशाखापुरता नव्हता. वसाहतीतल्या अनेक घरांत भिंतीवर बाबासाहेबांची निळ्या सुटातली, खिशाला पेन लावलेली तसबीर असते, आणि सव्वादोनशे चौरस फुटांच्या आसपासच्या घरात तिच्याखालीच आरसा टांगलेला असतो. १४ एप्रिलच्या सकाळी अपटुडेट तेथे उभा राहतो, पांढऱ्या शर्टाची कॉलर दोनदा नीट करतो, केसांना वॅक्स लावत नाही, आणि त्या दिवशी बापालाही काही बोलायला जागा राहत नाही. आंधळी नक्कल आणि मानाने राहण्याची इच्छा या दोन्ही गोष्टी एकाच आरशात, एकाच मुलाच्या ठायी दिसतात. फक्त पहिलीला लोक हसतात आणि दुसरीकडे त्यांचे लक्ष जात नाही.

पंचविशीनंतर हा वर्ग आपोआप ओसरतो. नोकरीची पाळी, मोटारसायकलचा हप्ता आणि कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून सुरू झालेली माघार यांमुळे फेडला विषयच उरत नाही. त्यामुळे ज्यांच्या घरी सध्या असा एखादा अपटुडेट आहे, त्यांनी त्याच्या केसांवरून जेवणाच्या ताटावर वाद घालू नयेत, दाढी वाढवली तर वाढवू द्यावी, काढली तर हसू नये. फक्त त्याच्या उशाखालची ट्यूब एकदा उजेडात नेऊन वाचावी. तिच्यावर क्लोबेटासॉल, बेटामेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी काही छापलेले असेल, तर त्याला रागावण्याऐवजी त्वचेच्या डॉक्टरकडे न्यावे आणि ट्यूब कोणी सुचवली त्या मित्रालाही बरोबर घ्यावे.