वयोमर्यादा

पदवी हातात पडली की मराठी तरुण दोन दारं ठोठावतो: लोकसेवा आयोगाचं आणि वधूवर सूचक मंडळाचं. त्यातल्या त्यात आयोग दयाळू. खुल्या गटाची वयोमर्यादा सरकारने २०१६ मध्ये ३३ वरून ३८ केली, मागासवर्गीयांची ४३. मुलीच्या मामांनी मात्र आपली मर्यादा महिनाभरानेही वाढवलेली नाही.

मग बी.ई. झालेले चिरंजीव सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत खुर्ची भाड्याने घेतात, मेस लावतात. गावाकडे वडील सोयाबीनच्या पट्टीतून ते भागवतात. पूर्व, मुख्य, मुलाखत अशा तीन पायऱ्या. त्या चढूनही नियुक्तीपत्राची वाट बघणं उरतंच. ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाला ‘तयारी’ हे उत्तर दोन-तीन वर्षं शोभतं, पुढे आईच विषय बदलते.

मुलगीही पदवीधर, तीही अभ्यासिकेत. तिची वयोमर्यादा मात्र घरातच ठरते: ‘यंदाची परीक्षा दे, मग स्थळं बघू.’

आणि निवड यादीत नाव झळकलं, की चौकात फ्लेक्स लागतो आणि कालपर्यंत न जुळणारी पत्रिका रातोरात छत्तीस गुणांनी जुळते. ग्रहसुद्धा बहुधा राजपत्रित पाहूनच घर बदलत असावेत.