पस्तीसपंत

पस्तीसपंत हा नापास होणाऱ्या मुलांतला नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. नापास व्हायला निष्काळजीपणा लागतो, आणि पंताइतका काळजी करणारा विद्यार्थी माझ्या वर्गात दुसरा बसला नाही. नापास होणारा मुलगा पेपर निम्मा कोरा ठेवून बाहेर पडतो, वडापाव खातो आणि रात्री गाढ झोपतो. पंत जूनपासून झोपलेला नसतो. पास व्हायला शंभरात ३५ लागतात असं बोर्डानं ठरवून दिलं आहे. त्याच्या खाली जाणं हा त्याला अपमान वाटतो आणि त्याच्या वर जाणं ही उधळपट्टी. या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या बोळातून त्याला सहा विषयांची वरात काढायची असते.

आमच्या पाटणच्या शाळेत मी दहावीला बीजगणित शिकवतो. दर दोन-तीन वर्षांनी असा एखादा पंत वर्गात येतो, पण २०२५ च्या मार्चला बसलेला पंत सगळ्यांत अस्सल. हे नाव मुलांनीच ठेवलं. किडकिडीत अंग, नुकती फुटू लागलेली मिसरूड, शर्टाच्या खिशात दोन पेनं. बाक तिसरा. पहिल्या बाकावर बसलं की सर प्रश्न विचारतात, शेवटच्यावर बसलं की सरांचं लक्ष जातं, तिसऱ्या बाकाला मात्र कुणाचीच दृष्ट लागत नाही, हा त्याचा अभ्यास.

जूनमध्ये पहिल्या तासाला मी फळ्यावर लिहिलं, ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’. बाकीच्यांनी वहीत उतरवून घेतलं. पंत उभा राहिला.

“सर, अंतर्गतचे २० कशाकशाचे?”

“आधी धडा तर सुरू होऊ दे.”

“तसं नाही सर. बीजगणित ४०, भूमिती ४०, अंतर्गत २०. पास व्हायला तिन्ही मिळून ३५. म्हणजे अंतर्गतचे २० च्या २० मिळाले तर पेपरात दोन्हीकडं मिळून १५ पुरतात. बीजगणितात आठ, भूमितीत सात. मग सर, आठ मार्कांना किती धडे करावे लागतील?”

वर्गात शांतता पसरली. इतकी वर्षं शिकवतोय, पण अख्खा वर्ग एकाग्र झालेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. शेवटच्या बाकावरच्यांनीसुद्धा वह्या काढल्या.

वडील एसटीत कंडक्टर, पाटण-चिपळूण गाडीवर. हिशेब रक्तातच. पालकसभेला आले तेव्हा गणवेशातच होते, कुंभार्लीचा घाट उतरून पुन्हा चढून आलेले. मी तक्रार सांगितली. त्यांनी मुलाकडं पाहिलं, मुलानं आढ्याकडं.

“सर, एसटी विद्यार्थ्याकडून पासाला एक तृतीयांशच भाडं घेते,” पंत म्हणाला. “त्या हिशेबानं ३३.३३ व्हायला पाहिजेत. बोर्डानं जवळजवळ पावणेदोन मार्क जास्तच लावलेत.”

वडिलांनी मुलाला रागवायचं म्हणून तोंड उघडलं, क्षणभर मनातल्या मनात भागाकार केला आणि तोंड मिटलं. “हिशेब बरोबर आहे सर,” ते ओशाळून म्हणाले.

आता अंतर्गतचे २० मिळवायचे म्हणजे वह्या आल्या. इथं पंताचा खरा पराक्रम दिसतो. स्वाध्याय वही, प्रकल्प वही, विज्ञानाचं जर्नल, नकाशावही. त्याच्या वह्यांना समास आखलेला, अनुक्रमणिका लिहिलेली, तपकिरी कव्हर आणि वर लेबल. जर्नलमधली आकृती इतकी सुबक, की आमच्या विज्ञानाच्या बाईंनी ती इतर तुकड्यांना नमुना म्हणून दाखवली. बाईंना वाटलं, मुलाला विज्ञानाची गोडी लागली. मुलाला गोडी होती विसाची. वही अपुरी असलेल्या मुलांनाही तो मदत करायचा. डिसेंबर-जानेवारीत तर त्याच्या घरी वह्यांची रांग लागलेली असायची. त्याची आई मला बाजारात भेटली तेव्हा कौतुकानं म्हणाली, “रात्री एक-एक वाजेपर्यंत लिहीत बसतो हो पोरगा. तुम्हीच सांगा, एवढा अभ्यास बरा का?” मी बरा म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मी त्याला १७ दिले. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीच्या दारात हजर. “सर, तीन कुठं गेले?” मी म्हणालो, विचारलं तेव्हा तुला प्रमेय आलं नाही. तो म्हणाला, “प्रमेय पेपरात येतंय सर. एकाच गोष्टीचे मार्क दोनदा कापायचे?” यावर खोलीतल्या चार शिक्षकांत वाद झाला. वाद संपेपर्यंत मधली सुट्टी संपली. मी १८ केले.

नियमांच्या बाबतीत त्याला हरवणं कठीणच. सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांची टक्केवारी धरायची पद्धत २०१० पासूनची, हे त्याला तोंडपाठ. २०१९ ला भाषांचे तोंडीचे मार्क काढले आणि राज्याचा निकाल ७७.१० वर आला, हे तो पानिपत सांगावं तसं सांगतो. २०२१ ला कोरोनात परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५ लागला. त्या वर्षाचं नाव घेताना त्याचा आवाज हळवा होतो. घरी येणाऱ्या पाहुण्यांचंही मग काही चालत नाही. दहावीच्या मुलाला छळण्याचा जो एकमेव प्रश्न पाहुण्यांना माहीत असतो, तो त्यांनी विचारला, की हा विचारतो, “पाच विषयांचे टक्के का सहाचे? वाढीव गुण धरून का सोडून?” पाहुणा चहा अर्धवट ठेवून उठतो. इंटरमिजिएट चित्रकलेला ए ग्रेड आली तर सात मार्क मिळतात म्हणून त्यानं आठवीपासून स्थिरचित्रं काढली. सी आली. तीन मिळाले. “तीन वर्षांत तीन,” तो म्हणाला, “भाव पडला.” जलसुरक्षेचं पुस्तक त्यानं उघडलंच नव्हतं, कारण त्याला श्रेणी असते आणि श्रेणी टक्क्यांत धरत नाहीत.

आत्या चिपळूणला. ते तर त्याच्या मनाला लागून राहिलेलं शल्य. आपण कोल्हापूर विभागात आणि घाट उतरला की कोकण विभाग! २०२४ ला कोकणाचा निकाल ९९.०१. आठवीतच आत्याकडं नाव घातलं असतं तर हे सगळं करावंच लागलं नसतं, असं त्याचं ठाम मत. तिथली मुलं अभ्यास करतात म्हणून निकाल लागतो, हे मी सांगून पाहिलं. त्यानं ऐकून घेतलं, मोठ्या माणसाचं ऐकून घ्यावं म्हणून.

फेब्रुवारीत वह्या तपासताना त्याच्या वहीचं शेवटचं पान उघडलं गेलं. शेवटचं पान ही विद्यार्थ्याची खासगी मालमत्ता असते, शिक्षकानं तिथं जाऊ नये. गेलो. वर लिहिलं होतं, ‘विज्ञान क्ष, गणित य’. खाली तीन ओळी: क्ष + य ७० किंवा जास्त, क्ष २५ च्या खाली नको, य २५ च्या खाली नको. गणित आणि विज्ञान मिळून ७० झाले आणि कुठलाही एक २५ च्या खाली गेला नाही, तर उमेदवार पास, हा बोर्डाचा नियम. पंतानं त्याचा आलेख काढला होता. दोन अक्ष, तीन रेषा, त्यांच्या पलीकडचा, वरचा भाग पेन्सिलनं काळा केलेला, आणि त्यावर शीर्षक, ‘सुरक्षित क्षेत्र’.

मी खुर्चीत नीट बसलो. हे लिनिअर प्रोग्रॅमिंग. बारावीच्या गणितात असतं, आणि तिथंही मुलं ते ऑप्शनला टाकतात. पोरानं ते स्वतःच्या अकलेनं, गणितातून सुटका करून घ्यायला मांडलं होतं.

“हे तुला कुणी शिकवलं?”

तो घाबरला. “चुकलं का सर?”

“चुकलं नाही. हे गणित आहे.”

“नाही सर,” तो घाईघाईनं म्हणाला, “हे गणित नाही, हे माझं आहे.”

परीक्षा जवळ आली तसे घराघरांत टीव्ही बंद झाले, मोबाईल कपाटात गेले, पहाटे पाचला गजर आणि साडेसहाला शाळेत जादा तास. पोरं पेंगत बसायची आणि आम्ही पेंगत शिकवायचो. या दिवसांत पंताचा भाव चढला. पहिल्या नंबरची मुलगीसुद्धा त्याच्याकडं येऊन विचारून गेली, कारण तिला पाच विषयांत किती पडले तर सहाव्यात किती चालतील हे जाणून घ्यायचं होतं. अपेक्षित प्रश्नसंच सगळेच घेतात, पंतानं तो घेऊन नुसतीच बेरीज केली. बीजगणिताच्या पेपरातल्या ‘कृती पूर्ण करा’ या प्रश्नावर त्याची अपार भक्ती. सगळं उदाहरण सोडवून दिलेलं असतं, मध्ये रिकाम्या चौकटी. “चौकट म्हणजे बोर्डानं पुढं केलेला हात आहे सर. तो झिडकारायचा नसतो.” बहुपर्यायीत चार प्रश्न, चार पर्याय. डोळे मिटून लिहिलं तरी सरासरी एक मार्क येतोच, हेही त्यानं काढून ठेवलं होतं. संभाव्यतेचा धडा त्याला कधीच समजला नाही, असं तो अजून सांगतो.

एका गोष्टीबद्दल मात्र त्याचा बोर्डावर राग होता. पूर्वी पेपर वाचायला दहा मिनिटं आधी मिळत. २०२३ पासून ती शेवटी, लिहायला दिली. “वाचायला बरी होती. वाचून निवडता येत होतं. लिहायला दहा मिनिटं जास्त देऊन मी करू काय?”

भूमितीचा पेपर सुटला त्या दिवशी केंद्राबाहेर, रसवंतीच्या बाकड्यापाशी गर्दी जमलेली. पालक पंख्यासारख्या हलवत असलेल्या प्रश्नपत्रिका, “कितवा सुटला?” अशा आरोळ्या. त्यात पंताचा शेजारी रडत होता. बीजगणित जेमतेम, भूमिती त्याहून जेमतेम. आजोबा पाठीवर हात फिरवत “पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरू” म्हणत होते, म्हणजे दिलासा देता देता पोराला बुडवतच होते. पंत रसाचा ग्लास खाली ठेवून पुढं झाला.

“चौकटी भरल्यास?”

“भरल्या.”

“सगळ्या?”

“अंदाजानं.”

“अंदाज चालतो. अंतर्गत किती?”

“सोळा.”

पंतानं प्रश्नपत्रिका घेतली, प्रत्येक प्रश्नापुढं आकडा मांडला. “कितीही कडक तपासलं तरी तीसच्या खाली जात नाहीस. विज्ञानाचे दोन्ही पेपर अजून व्हायचेत. तिथं चाळीस काढ. तोंडावर पाणी मार आणि आजच बस.” आणि तिथंच, उसाच्या चिपाडांत उभं राहून त्यानं त्याला विज्ञानाचे कुठले धडे धरायचे आणि कुठले सोडायचे ते सांगितलं. एवढं सांगायचं तर धडे माहीत असावे लागतात. हे मला रसाचे पैसे देताना लक्षात आलं, त्याला बहुधा आलं नव्हतं.

मेमध्ये निकाल लागला. शेजारी पास झाला: गणित ३१, विज्ञान ४२. त्याच्या आजोबांनी पंताला टोपी-नारळ दिलं. पंत मात्र संध्याकाळी माझ्या घरी आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. मराठी ६१, सामाजिक शास्त्रे ५८, हिंदी ५३, विज्ञान ४९, गणित ४१, इंग्रजी ३८. सर्वोत्तम पाचचे ५२.४० टक्के.

“अरे, पेढे कुठायत?”

“सर, सहाही मिळून नव्वद जास्त झाले.” तो खरोखर अस्वस्थ होता. “मराठीत सव्वीस जास्त. सव्वीस! कशाला लिहिलं मी एवढं? बातमीलेखन झालं, कथालेखन झालं, वेळ उरला म्हणून स्वमतही लिहिलं. ती शेवटची दहा मिनिटं, तिथं घात झाला.”

“आणि गणितात ४१ कसे?”

तो मान खाली घालून म्हणाला, “वह्यांच्या नादात वाचलं गेलं सर. आपली एक असती तर काही झालं नसतं. चौदा जणांच्या लिहिल्या.”

मग त्यानं गुणपडताळणीची चौकशी केली. मार्क कमीही होतात का, एवढंच त्याला हवं होतं. वर्तमानपत्रात सहाही विषयांत ३५ मिळवलेल्या कुठल्याशा मुलाचा गुलाल लावलेला फोटो आला होता, तो त्यानं कात्रण काढून पाकिटात ठेवला होता. “याला म्हणतात अचूक,” तो म्हणाला. बोर्डाच्या परीक्षेत पहिल्या आलेल्यांविषयी मी इतका आदर कुणाच्या आवाजात ऐकलेला नाही.

त्या वर्षी अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. खेड्यापाड्यांतले पालक फॉर्म घेऊन हवालदिल. भाग एक, भाग दोन, दहापर्यंत पसंतिक्रम, कोटे, फेऱ्या. पंतानं शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं. मुख्याध्यापकांनी आधी हटकलं, मग त्यांना स्वतःच्या पुतणीचा फॉर्म भरायचा होता म्हणून पंखा लावून दिला. पहिला पसंतिक्रम मिळाला की तिथंच प्रवेश घ्यावा लागतो, न घेतल्यास पुढच्या फेऱ्यांतून बाहेर, हे तो आज्यांना इतकं सोपं करून सांगत होता, की त्यातल्या एकीनं “बाळा, रेशनकार्डाचंही बघतोस का?” म्हणून पिशवी उघडली. त्यानं रेशनकार्डाचंही बघितलं.

मी सहज चक्कर टाकावी म्हणून गेलो होतो. रांग संपली होती. त्यानं माझ्याकडं निरखून पाहिलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यानं काहीतरी नवीन वाचलं असावं.

“सर, तुमची नेमणूक १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची का नंतरची?”

“नंतरची,” मी म्हणालो. “का रे?”

“जुनी पेन्शन नाही म्हणजे.” त्यानं कोरा कागद पुढं ओढला, मधोमध उभी रेघ मारली. “जाहिरात कधी निघाली होती? तारीख आठवते? बसा सर. वेळ लागेल.”