फक्त बॅटरी टाकायचीय
सोसायटीच्या कोपऱ्यात कव्हर पांघरून वर्षानुवर्षं उभी असलेली प्रीमियर पद्मिनी बंद पडली आहे, असं मालकासमोर म्हणून तर दाखवा! ‘चालू कंडिशनमध्ये आहे, फक्त बॅटरी टाकायचीय,’ हे उत्तर ठरलेलं. मग एका रविवारी बॅटरी येते. किल्ली फिरते, इंजिन नाही. पेट्रोलचा एव्हाना चिकट काढा होऊन तो कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये बसलेला असतो. वायरिंगची सर्व्हिसिंग उंदरांनी परस्पर उरकलेली. ब्रेकचे लायनर ड्रमला असे चिकटलेले, की चौघांनी ढकलूनही चाक हलत नाही. ‘बघा, ब्रेक अजून किती टाइट आहेत!’ मालक अभिमानानं सांगतात. जुना मिस्त्री मात्र किल्लीला हात लावत नाही. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडतो, इंजिन हातानं फिरवून बघतो आणि चहा मागवतो.

इंजिन एकदाचं धुरासकट बोलतं. आता कागद. पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीची फेरनोंदणी पूर्वी 600 रुपयांत व्हायची; एप्रिल 2022 पासून 5,000, आणि विशी ओलांडलेल्या गाडीला 2025 पासून 10,000. वर पर्यावरण कर. तपासणीसाठी गाडी आरटीओत न्यायची, पण नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर चालवायची नाही. म्हणजे टोइंग आलं. टोइंगवाला सहजच भंगाराचा भाव काढतो. मालक तडक खिडकीची काच वर करतात. निम्मीच, कारण पुढे ती जात नाही.