नाव काय या भाताचं?

"वहिनी, जरा कुंपणाशी या. ही वाटी हुंगा बरं."

"भात तर आहे. वास कुठाय?"

"तेच म्हणते मी! आमच्या ह्यांनी आंबेमोहर म्हणून विकत आणला. मुळशीच्या आंबेमोहराला भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि आपण पौडात बसून असला खायचा!"

"इंद्रायणी असेल."

"इंद्रायणी असती तर चाललं असतं हो. ती आपल्याच घरातली. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांचा संकर केला, १९८७ ला वाण बाहेर काढलं."

"आयआर ८ म्हणजे ते फिलिपिन्सचं बुटकं? मग माहेर मावळचं नि सासर समुद्रापार!"

"हसू नका. वाण काढलं शास्त्रज्ञांनी, पण ते चाललं कुणामुळे? मऊ, वासाचा भात मागणाऱ्या पुण्याच्या गिऱ्हाइकांमुळे. शिक्क्यानं का कुठं भात खपतो?"

"शिक्क्याचं म्हणाल तर एचएमटी भाताची गोष्ट ऐकलीय मी. चंद्रपूरकडे नांदेड म्हणून गाव आहे, तिथले दादाजी खोब्रागडे. दीड एकर जमीन, शाळा तिसरीपर्यंत. १९८३ ला 'पटेल ३' लावलेल्या शेतात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, पिवळसर. जपल्या, परत पेरल्या, वर्षानुवर्षं निवडत गेले. तांदूळ निघाला बारीक नि चवदार. बाजारात नेला तर व्यापारी विचारतो, नाव काय? नाव कुठलं असणार! तेव्हा एचएमटी घड्याळाचा बोलबाला, तेच चिकटलं."

"अगंबाई! घड्याळाचं नाव भाताला?"

"पुढचं ऐका. १९९४ ला पंजाबराव कृषी विद्यापीठानं त्यांच्याकडून पाच किलो बी नेलं. १९९८ ला 'पीकेव्ही-एचएमटी' जाहीर! विद्यापीठ म्हणे, बी आम्ही शुद्ध केलं, सुधारलं."

"आणि दादाजी?"

"वाद घालत राहिले. पुरस्कार मिळाले, फोर्ब्सच्या यादीतही नाव आलं २०१० ला. पण पैसा कुठला? २०१८ ला गेले बिचारे."

"म्हणजे शेतकरी तोवर लावतच होते की तो भात. कागदावर चढला तेव्हा कुठं तो 'वाण' झाला."

"शुद्धीकरणाला कष्ट पडतात, ते मी नाकारत नाही हो. पण लोंबी आधी दिसायला नको का कुणाला तरी?"

"बरं, ते जाऊ दे. तुमच्या ओटीवर कणगीत तो लालसर भात आहे ना, त्याचं नाव काय?"

"नाव? सासूबाईंनी राखलेला. आम्ही 'आत्याबाईंचा' म्हणतो."

"मूठभर बी द्या की."

"देते, भांडं आणा. आणि हे बघा, बाजारात नेलात तर नाव तुम्हीच सांगा, व्यापाऱ्याला ठेवू देऊ नका."