कान तयार करणारा बाप

मूल झालं की काही बाप लंगोट बांधायला शिकतात, काही बाप शाळेच्या फीची गणितं मांडायला बसतात आणि काही बाप मुलाचे कान तयार करायला घेतात. आमचा भाचा या तिसऱ्या जातीचा. नाशिकला त्याच्या घरी केव्हाही जा, दार उघडतानाच त्याचं बोट ओठांवर असतं. "मामा, एक मिनिट. इंटरल्यूड चाललाय." आत आठ महिन्यांची चिऊ स्वतःच्या पायाचा अंगठा तोंडात कोंबण्याच्या खटपटीत असते. तिच्याकडे कौतुकाने बघत तो म्हणतो, "ऐकतेय बघ कशी. कान तयार होतोय."

हा भाचा पंचमभक्त. पंचम म्हणजे संगीतकार राहुलदेव बर्मन. ते गेले 4 जानेवारी 1994ला. तेव्हा हा बालवाडीत डबा सांडत होता, पण म्हणून त्याच्या हळहळीला काही उणेपणा येत नाही. त्या तारखेला त्याच्या घरात मटण शिजत नाही आणि 27 जूनला, पंचमच्या वाढदिवसाला, शिरा होतो. त्याचे मित्र आता त्याला टाळतात. गाडीत त्याच्या शेजारी बसायला कुणी तयार नसतं, कारण तो गाणं नुसतं लावत नाही, समजावून देतो. "आता बेस ऐक. आता येईल बघ तो पीस. आला! आला की नाही?" पीस येऊन गेलेला असतो आणि याच्या बोलण्यात तो कुणालाच ऐकू आलेला नसतो.

चिऊचं शिक्षण ती पोटात असतानाच सुरू झालं. सातवा लागल्यावर याने बायकोच्या पोटावर हेडफोन ठेवले. अभिमन्यूचा दाखला तोंडपाठ होताच. अडचण एवढीच, की सुभद्रेप्रमाणे आमच्या भाचेसुनेलाही ऐकता ऐकता झोप लागायची. पहिला अंतरा येईतो ती घोरू लागायची. "म्हणून चिऊला मुखडेच येतात," असं ती अजूनही गंभीर चेहऱ्याने सांगते.

बारशाला आत्या-मावश्यांनी पाळणा म्हणायला घेतला, तर हा कोपऱ्यात स्पीकरची वायर जोडत होता. पुढे मालिश करायला येणाऱ्या मावशींशी त्याचा रोज खटका. बाळाला पायांवर आडवं घेऊन त्या तेल चोळत असताना हा दाराशी मोबाइल घेऊन उभा. शेवटी एक दिवस मावशी म्हणाल्या, "दादा, लेकराला न्हाऊ घालायचं का वरात काढायची?" तेव्हापासून आंघोळीपुरती शांतता असते. शेक आणि धुरी झाली, की पुन्हा चालू.

त्याच्या मोबाइलमध्ये चिऊच्या नावाने गाण्यांच्या याद्या आहेत. सकाळची वेगळी, सत्त्व भरवतानाची वेगळी, रडं थांबवण्याची वेगळी. तिच्या प्रत्येक हालचालीचा व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर येतो. "बघा, समेवर मान हलली." एकदा एका व्हिडिओत चिऊचा चेहरा लालबुंद, डोळे मिटलेले, मुठी आवळलेल्या. खाली याचे शब्द: "संपूर्ण तल्लीन." ताईने, म्हणजे त्याच्या आईने, तिथल्या तिथे उत्तर टाकलं, "अरे, तिला शी होतेय."

पण एक दुपार मी डोळ्यांनी पाहिली. चिऊ उंच खुर्चीत बसली होती, समोर नाचणीच्या सत्त्वाची स्टीलची वाटी, हातात चमचा. तिने चमचा वाटीवर आपटला. आवाज आवडला म्हणून पुन्हा आपटला, मग जरा थांबून काठावर हळूच टेकवला. भाचा उठून उभाच राहिला. "मामा, 1973! यादों की बारात!" त्या चित्रपटातल्या एका गाण्याची सुरुवात काचेवर वाजवलेल्या किणकिणीने होते, हे त्याने मला पूर्वी अनेकदा ऐकवलेलं. मग शोलेत बाटलीच्या तोंडाशी फुंकर मारून काढलेला आवाज, पडोसनमध्ये घासलेला कंगवा, सत्ते पे सत्तामधल्या गुळण्या, अशी सगळी यादी झाली. "घरातल्या कुठल्याही वस्तूतून पंचम सूर काढायचे. हिच्यात ते आलंय." एवढ्यात चिऊने तोंडातल्या सत्त्वाची गुळगुळ केली आणि ते त्याच्या शर्टावर उडवलं. पांढऱ्या शर्टावर तपकिरी ठिपके घेऊन हा माणूस टाळ्या वाजवत होता. भाचेसून फडकं घेऊन आली, तेव्हा तो तिला म्हणाला, "पुसू नको, आधी रेकॉर्ड करू दे."

पंचम हे नाव कसं पडलं, याची एक गोष्ट सांगतात, की लहानपणी ते पाचव्या सुरात रडायचे. ही गोष्ट भाच्याने फार मनावर घेतली आहे. चिऊने भोकाड पसरलं, की हा आधी मोबाइलवर तानपुरा लावतो आणि सूर जुळवून बघतो. "कोमल निषादाच्या आसपास आहे," तो जाहीर करतो. "पोट दुखतंय तिचं," असं म्हणत ताई ओव्याचं फडकं गरम करायला घेते.

खरी मजा दाजी घरात असले की येते. दाजी सचिनदांचे, म्हणजे पंचमच्या वडिलांचे भक्त. प्यासा, गाइड, संपलं. त्यांच्या मते राहुल हुशार होता, पण बापाची सर नाही. भाचा लहान असताना दर रविवारी दाजी त्याला मांडीवर घेऊन टेपरेकॉर्डरसमोर बसायचे. पोराचा कान तयार झाला खरा, पण बापाने दाखवलेल्या वाटेने गेला नाही. आता भाचा जरा बाहेर गेला, की दाजी नातीला उचलतात आणि गुपचूप गाइड लावतात. परवा तो अचानक परत आला. "बाबा, तिला गोंधळवू नका." "मी गोंधळवतोय? अरे, मुळापासून शिकवतोय तिला!" मला वाटतं, बर्मनांच्या घरीही थोडंफार असंच झालं असणार. वडिलांच्या हाताखाली काम करून शिकलेल्या त्या पोराला 1961 साली छोटे नवाब हा स्वतःचा चित्रपट मिळाला आणि पुढे त्याने घरातला सूर पार बदलून टाकला.

एवढी मेहनत करून चिऊला आवडतं काय? सकाळी घंटागाडी येते. तिचं गाणं कोपऱ्यावर ऐकू आलं, की चिऊ हातातलं टाकून कठड्याला धरून उभी राहते आणि ढुंगण हलवून नाचते. गाडी दिसेनाशी झाली, की ओठ काढते. आणि झोप लागते ती ताईच्या खांद्यावर. ताई गात नाही, तिला गाता येतच नाही. ती एकाच पट्टीत, तीही जरा उतरलेली, "ओ, ओ, ओ" करत थोपटत राहते. रात्री भाचा इजाजतची गाणी लावून चिऊला घेऊन येरझाऱ्या घालतो, तेव्हा दुसऱ्या गाण्याला त्याचाच गळा दाटतो, तिसऱ्याला तोच सोफ्यावर झोपतो, आणि चिऊ त्याच्या छातीवर टक्क जागी राहून त्याच्या शर्टाचं बटण चोखत बसते.

यात शिकवणं-बिकवणं निमित्ताचं. आवाज कमी कर न म्हणणारं आणि उठून दुसऱ्या खोलीत न जाणारं माणूस त्याला पहिल्यांदाच मिळालं आहे. आपल्याला जे फार आवडतं ते एकट्याने ऐकवत नाही, एवढीच ही गोष्ट आहे. दाजींचंही तेच होतं.

तेव्हा अशा बापांनो, आणि आजोबांनो, बाळाला रांगता येईपर्यंत हवं ते ऐकवून घ्या. फक्त परतफेडीची तयारी ठेवा. बारा-तेरा वर्षांनी हीच चिऊ काहीतरी धडधडणारं घेऊन येईल, एक इअरफोन तुमच्या कानात खुपसेल आणि म्हणेल, "बाबा, हे ऐक ना." तेव्हा "याला काय गाणं म्हणतात?" असं विचारायचं नाही. मान डोलवत बसून राहायचं, दोन्ही अंतरे संपेपर्यंत.