आर. के. पुरमचे दगडूशेठ

दिल्लीतल्या आमच्या सेक्टरातली मराठी मंडळी त्यांना पाठीमागे दगडूशेठ म्हणतात. हे त्यांच्या कानावर गेलेलं आहे आणि त्यांना ते मनापासून आवडलेलं आहे. सरकारी क्वार्टरातल्या ज्या लोखंडी कपाटात इतरांची पासबुकं आणि सीजीएचएसची कार्डं असतात, त्यात यांचे दगड असतात. वस्तऱ्याला धार लावायचे, जुने, खाणीतून निघालेले. कारखान्यात भाजून काढलेल्या कार्बोरंडमच्या वडीला ते दगड म्हणत नाहीत. वस्तरे तीनच: दोन झोलिंगेनचे, एक शेफील्डचा. दगड किती, हे मात्र काकूंना कळणार नाही अशी चोख व्यवस्था आहे.

मानाचा पहिला बेल्जियमचा पिवळा कोटिक्यूल. हा आर्देनच्या डोंगरात, व्हिएलसाल्मच्या आसपास निघतो. वर फिकट पिवळा थर, खाली पाटीसारखा निळसर. त्याच्या पोटात गार्नेटचे बारीक कण असतात. ते जवळजवळ गोल, म्हणून पोलादाला ओरबाडत नाहीत, नुसतं कुरवाळतात, असं शेठ सांगतात आणि सांगताना स्वतःचाच गाल कुरवाळतात. ब्रसेल्सला असलेल्या भाच्याला त्यांनी तो आणायला लावला. सामानाचं वजन जास्त झालं तेव्हा विमानतळावर चॉकलेटं मागे राहिली, दगड आला. भाच्याला शेठनी तेव्हापासून ‘कर्तबगार’ म्हणायला सुरुवात केली.

मानाचा दुसरा जर्मनीतल्या थुरिंजियाचा, एशर छापाचा. त्याचं कागदी लेबल अजून शाबूत आहे आणि लेबलासकट असला तर असा दगड बाजारात जास्त भाव खातो. लेबल भिजू नये म्हणून त्याला पाणी लावत नाहीत; पाण्याशिवाय तो चालत नाही. सबब, तो नुसता असतो. तिसरा जपानचा, क्योटोजवळच्या नाकायामा खाणीतला. ती खाण कधीच बंद पडली. दगड अजून आलेला नाही, पण कपाटात त्याची जागा राखून ठेवली आहे.

रविवारी सकाळी मोरीजवळ पाट टाकून शेठ बसतात. आधी लहान खड्याने मोठा दगड घासून दुधाळ लगदा काढायचा. त्यावर वस्तरा आडवा निजवायचा, कणा आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली, आणि धार पुढे करून ढकलायचा. टोकाशी उलटवायचा तो कण्यावरून. धारेवरून उलटवला की सगळं मुसळ केरात. मग थेंब थेंब पाणी घालत लगदा पातळ करत न्यायचा. शेवटी नुसतं पाणी उरतं आणि पातं दगड सोडायला तयार नसतं. फाईल जशी डीलिंग असिस्टंटकडून सेक्शन ऑफिसर, अंडर सेक्रेटरी अशी घासत घासत वर चढते, तसंच हे काम चालतं. फक्त हे त्याच दिवशी संपतं. सरतेशेवटी चामड्याच्या पट्ट्यावर फेरे, तिथे मात्र कणा पुढे.

मग धार तपासायची. डोक्याचा एक केस पात्यावर अलगद सोडायचा, आपसूक तुटला तर पास. शेठच्या डोक्यावर तपासणीपुरतेही केस राहिलेले नाहीत, म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं अंगठ्यावरच भागवलं. २०१४ साली दिल्लीतल्या सरकारी कचेऱ्यांत आधारची बायोमेट्रिक हजेरी आली आणि यंत्र यांचा अंगठा ओळखेना. ठसा उरला असेल तर ओळखणार! शेवटी करंगळीवर हजेरी लागायला लागली. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा शेठनी ‘वय’ असं उत्तर दिलं.

एवढं करून त्या वस्तऱ्याने दाढी? छे! दाढी केली की धार उतरते. दाढीला ते मार्केटातल्या न्हाव्याकडे जातात, अर्ध्या ब्लेडच्या उस्तऱ्यावर. एड्सच्या धास्तीने ही अर्धी ब्लेडं आली आणि धोकटीतल्या धार लावायच्या सिल्ल्या माळ्यावर गेल्या. शेठचा डोळा त्या माळ्यावर असतो. तोंडाला फेस, मान वर, गळ्यावर पातं, अशा अवस्थेत ‘भैया, पिताजी की सिल्ली अब कहाँ है?’ असं विचारणारं दुसरं गिऱ्हाईक मी पाहिलेलं नाही.

एका गणपतीत काकूंनी सहाणेवर चंदन उगाळलं तर गंध करडं उतरलं.

“अहो, देवाची सहाण आहे ती!”

“म्हणूनच फक्त शेफील्डचा लावला.”

आमची वसाहत अरवलीच्या खडकावर आहे. मलई मंदिराच्या टेकडीवर लोक मुरुगनाच्या दर्शनाला चढतात. शेठ खाली बघत चढतात. दिल्लीचा क्वार्टझाइट वस्तऱ्याच्या कामाचा नाही, हे त्यांना पाठ आहे, तरी खिशात एखादी कपची सापडतेच. सह्याद्रीच्या काळ्या फत्तराचं जातं होतं, पाटा-वरवंटा होतो, पण वस्तऱ्याला त्याचा उपयोग नाही. भूगर्भाने महाराष्ट्रावर केलेला हा अन्याय त्यांच्या बोलण्यात सीमाप्रश्नाच्या खालोखाल येतो.

या घरात टोमॅटो कापला जात नाही, दबतो. कोटिक्यूलवर सुरी घासा म्हटलं तर शेठ दुखावतात. त्यामुळे परवा ‘छुरी-कैंची तेज करा लो’ अशी हाक आली तेव्हा काकूंनी विळी आणि दोन सुऱ्या हातात देऊन त्यांना खाली पिटाळलं. सायकलच्या चाकातून ठिणग्या उडाल्या तेव्हा शेठनी डोळे घट्ट मिटले, हे मी गॅलरीतून पाहिलं. उघडले तेव्हा नजर हँडलला लटकवलेल्या डब्यात गेली. अर्ध्या तासाने ते फडक्यात गुंडाळलेली, मधोमध खळगा पडलेली हिरवट सिल्ली घेऊन वर आले.

“त्याच्या आजोबाची आहे! पाचशे म्हणत होता, अडीचशेला दिली.”

“आणि सुऱ्या?”

“अडीचशे रोख आणि त्या दोन,” शेठ म्हणाले. “विळीही मागत होता. ती मात्र मी दिली नाही.”