अंतर्गत गुणांचे गाणे

साहित्याच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी गट करून लोकप्रिय गीतांवर सादरीकरण करावे आणि त्यास अंतर्गत मूल्यमापनाचे गुण मिळावेत, असे फर्मान ज्या अभ्यासमंडळाच्या दप्तरातून सुटले, त्यावरील एकाही विद्वानाचे घर मनीषनगरात नसावे, अशी माझी खात्री आहे. पूर्वी आमच्या या वस्तीस एक दैवी संरक्षण होते. वर्धा मार्गावरून आत शिरण्यापूर्वी रेल्वेचे फाटक लागे, आणि मुंबई-हावडा व दिल्ली-चेन्नई अशा दोन्ही दिशांच्या गाड्या त्याच रुळांवरून जात असल्यामुळे, शंका विचारण्यास निघालेल्या विद्यार्थ्याची जिज्ञासा बहुधा फाटकापाशीच शमत असे. २०२० साली उड्डाणपूल झाला, आणि तेव्हापासून रविवारी सकाळी, चहाचा पहिला घोट घशाखाली उतरण्यापूर्वीच, एखादा संपूर्ण गट 'सर, थोडं विचारायचं होतं' म्हणत दारात चपला काढू लागतो.

पहिल्या गटाने 'सैराट'मधील गाणी निवडली. असली गाणी साहित्यात मोडतात काय, असा प्रश्न मी प्राध्यापकास शोभेल अशा गांभीर्याने विचारताच गटप्रमुखाने उत्तर दिले की, ज्या २०१६ साली हा चित्रपट आला त्याच साली बॉब डिलनला साहित्याचे नोबेल मिळाले; 'स्वीडनला चालते सर, मग नागपूरला काय झालं?' वास्तविक स्वीडनपर्यंत जाण्याचेही प्रयोजन नव्हते. १९२३ साली स्थापन झालेल्या आमच्या विद्यापीठास २००५ पासून नाव आहे ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे, म्हणजे खंजिरीवर भजने गाऊन गावेच्या गावे जागी करणाऱ्या पुरुषाचे. आणि गुणपत्रिकेच्या शिरोभागी ते नाव छापणाऱ्यांनी गाणे हे साहित्य आहे किंवा कसे याची चौकशी आरंभावी, हा विनोद माझ्या कुवतीबाहेरचा आहे.

दुसऱ्या गटाच्या वाट्यास ग्रेस आले. याच शहरात मराठी शिकविणाऱ्या या कवीची दुर्बोधता त्यांनी एकामागून एक स्लाइड दाखवीत इतक्या निष्ठेने सिद्ध केली की, ते कोणासही कळणे शक्य नाही याविषयी वर्गात एकमत झाले. तदनंतर, पुरावा म्हणून, 'महाश्वेता' मालिकेचे शीर्षकगीत झालेली त्यांची कविता लावण्यात आली. इतक्यात प्रोजेक्टरने मान टाकली, ध्वनीही गेला, आणि 'चालून नाही राहिलं सर' अशी कैफियत गटप्रमुख माझ्यापुढे मांडीत असता त्या दुर्बोध कवितेची उरलेली कडवी साऱ्या वर्गाने बाके वाजवीत तोंडपाठ म्हणून पुरी केली. आपला सिद्धान्त ढासळल्याची वार्ता गटास अद्यापि नाही.

तिसऱ्या गटाचे गणित अवघड होते. गदिमांचे नि बाबूजींचे 'गीतरामायण' १९५५च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्यास प्रसारित झाले, ते वर्षभराहून अधिक काळ. त्याची गीते ५६ आणि गटात माणसे पाच. प्रत्येकी अकरा वाटून एक उरले, ते सरकारी शिरस्त्याप्रमाणे गैरहजर इसमाच्या नावे चढविण्यात आले. हा इसम सादरीकरणाच्या दिवशी मात्र हजर झाला. इतर चौघांनी छंद, रस, अलंकार यांचे तक्ते दाखविले. याने अकरांना हातही न लावता शिल्लक राहिलेले तेवढे शेवटचे गीत, हात पाठीमागे बांधून, सबंध गाऊन दाखविले. स्वर चांगला होता, नव्हे, फारच चांगला होता. स्लाइड कोठे आहे, असे विचारताच तो म्हणाला, 'सर, यात वाल्मीकी लव-कुशाले गायलाच सांगून राहिले ना? मग मी स्लाइड काहून बनवू?'

या युक्तिवादास उत्तर नव्हते. परंतु तक्ता होता. विषयज्ञान, संदर्भ, सांघिक सहभाग, तंत्रज्ञानाचा वापर असे त्यात रकाने होते, आणि त्यांपैकी एकातही गळा बसत नव्हता. शिवाय उरलेल्या चौघांनी, 'आम्ही रात्रभर जागून तक्ते बनवले, याला आमच्याइतके कसे?' असा तोंडी अर्ज तत्काळ दाखल केला. अखेर मी सर्वांस समान गुण दिले आणि त्याच्या नावापुढील शेऱ्याच्या रकान्यात 'अत्युत्तम' असे टपोऱ्या अक्षरांत लिहिले. दुसऱ्याच दिवशी कार्यालयातील लिपिकाने तक्ता परत आणला आणि अदबीने विचारले की, हा शेरा बेरजेत कोठे धरायचा.